खड्ड्यापाशी थांबलेला हत्ती

देवळाच्या उत्सवासाठी ध्वजस्तंभ उभा करायचा आहे. खड्डा खणून तयार आहे, गाव गोळा झालं आहे, आणि भलाथोरला खांब घेऊन आलेला महागिरी नावाचा हत्ती ऐन खड्ड्यापाशी येऊन थांबला आहे. तो काही केल्या खांब आत सोडत नाही. माहूत त्याला चुचकारतो, दरडावतो, शेवटी अंकुश चालवतो. हत्तीच्या डोक्यातून रक्त येतं, तरी तो ऐकत नाही. मग तो चिडतो आणि माणसं वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. सगळे लांब गेल्यावर उलगडा होतो. खड्ड्यात मांजराचं एक पिल्लू होतं. ते बाहेर आल्यावर महागिरी खांब उचलतो आणि त्याच्या जागी नीट उभा करतो.

हेमलता यांची ही गोष्ट पुलक बिस्वास यांच्या चित्रांसह दिल्लीच्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टनं काढली. ‘महागिरी’ एवढंच तिचं नाव. शाळांच्या ग्रंथालयांतून, वाढदिवसाच्या भेटींतून, पुस्तकप्रदर्शनांतल्या खरेदीतून ती देशभरातल्या मुलांच्या हाती गेली, आणि तिची पानं सुटी होईपर्यंत वाचलेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. प्रस्तुत पुस्तक अशा चित्रपुस्तकांविषयी आहे. ती दिल्लीत लिहिली गेली, दिल्लीत चितारली गेली, बहुतेक दिल्लीतच छापली गेली. आणि त्याच वेळी ते दुसऱ्या एका गोष्टीविषयीही आहे. लहानपणी आवडलेलं पुस्तक आई किंवा बाप होऊन पुन्हा उघडलं की त्यात काय काय नव्यानं दिसू लागतं, त्याविषयी. हे दोन विषय मी वेगळे ठेवू शकले नाही. ठेवायची गरजही मला वाटली नाही, कारण या पुस्तकांचं मोल मला कळलं ते दुसऱ्या वाचनातच.

लहानपणी मी महागिरीच्या बाजूनं होते. कुठलंही मूल असतं. आपल्याला काहीतरी ठाऊक आहे, मोठ्यांना ते सांगता येत नाहीये आणि मोठे रागावताहेत, हा अनुभव चार वर्षांच्या मुलाला अगदी ओळखीचा असतो. लेकीला तीच गोष्ट वाचून दाखवायला घेतली तेव्हा मात्र मला माहूत दिसला. तो पुस्तकात आधीही होताच, पण माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. तो दुष्ट नाही. त्यानं काम अंगावर घेतलं आहे, सगळं गाव बघतं आहे, आणि रोज ऐकणारा हत्ती आज नेमका सगळ्यांदेखत अडून उभा आहे. सकाळी शाळेची बस सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभी आहे आणि मूल बूट घालायला तयार नाही, अशा वेळी आईबापाची जी गत होते तीच त्याची झाली आहे. तो खड्ड्यात डोकावून बघत नाही, कारण त्याचे डोळे खांबावर आहेत.

माझ्या लेकीनं पहिल्याच वाचनात विचारलं, “माहूत खाली का बघत नाही?” मी थांबले. मोठ्यानं वाचणारी आई किंवा बाप आणि शेजारी बसलेलं मूल एकच पान बघत असले तरी दोघांचे डोळे वेगवेगळ्या ठिकाणी असतात. मोठ्यांचे ओळींवर, मुलाचे चित्रावर. कॅनडातल्या मेरी अॅन इव्हान्स आणि झाँ सेंट-ऑबँ या संशोधकांनी मुलांच्या नजरेचा माग ठेवून २००५ मध्ये हे दाखवलं होतं, की गोष्ट वाचून दाखवली जात असताना लहान मुलं छापलेल्या अक्षरांकडे जवळजवळ बघतच नाहीत. पण हे कळायला यंत्राची गरज नाही. कुठल्याही रात्री झोपण्याआधीच्या गोष्टीच्या वेळी ते दिसतं. मूल आपल्याला थांबवतं, एका कोपऱ्यावर बोट ठेवतं, आणि तिथे खरोखरच काहीतरी असतं. आपण ते पान कितीतरी वेळा वाचलेलं असतं, पण बघितलेलं नसतं.

चांगलं चित्रपुस्तक या दोन नजरांच्या मधल्या अंतरावर उभं असतं, असं मला वाटू लागलं आहे. शब्द एक सांगतात, चित्र त्याच्या पुढचं किंवा बाजूचं सांगतं, आणि ते जोडून घेण्याचं काम वाचणाऱ्या दोघांनी मिळून करायचं असतं. जे पुस्तक सगळं शब्दांत सांगून टाकतं आणि चित्रात तेच पुन्हा रंगवून दाखवतं, ते मूल दोनदा ऐकतं आणि बाजूला ठेवतं. दिल्लीतल्या त्या जुन्या पुस्तकांतली सगळीच काही या कसोटीला उतरत नाहीत. त्यांत उपदेशानं ओथंबलेलीही पुष्कळ आहेत. पण जी उतरतात ती पन्नास वर्षांनंतरही उतरतात.

ही पुस्तकं जिथे जन्मली ती जागा आयटीओच्या चौकाजवळ आहे. बहादूरशाह जफर मार्गावरचं नेहरू हाउस. एका बाजूला वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, समोर अखंड वाहणारी रहदारी. याच इमारतीत बाहुल्यांचं संग्रहालय आहे, म्हणून दिल्लीत वाढलेल्या बहुतेकांनी ती शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. जगभरातल्या हजारो बाहुल्या काचेमागे उभ्या असतात. १९६५ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते हे संग्रहालय खुलं झालं. त्याच इमारतीत डॉ. बी. सी. रॉय यांच्या नावाचं मुलांचं ग्रंथालय आहे आणि ट्रस्टचा स्वतःचा इंद्रप्रस्थ प्रेस. म्हणजे लेखक, चित्रकार, संपादक, छपाईयंत्र आणि वाचक मूल ही पाचही माणसं-साधनं एका छपराखाली येऊ शकतील अशी ती योजना होती. भारतात त्याआधी मुलांच्या पुस्तकांसाठी इतक्या विचारानं केलेली उभारणी माझ्या वाचनात नाही.

ती उभारणारे के. शंकर पिल्लै हे राजकीय व्यंगचित्रकार होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९०२ मध्ये केरळात कायमकुळम इथे जन्मलेले शंकर १९३२ मध्ये ‘हिंदुस्थान टाइम्स’मध्ये व्यंगचित्रकार म्हणून आले आणि दिल्लीचेच झाले. १९४८ मध्ये त्यांनी ‘शंकर्स वीकली’ सुरू केलं. व्हाइसरॉय असोत की पंतप्रधान, त्यांच्या रेषेतून कोणी सुटलं नाही. नेहरूंनी तर आपल्यालाही सोडू नका असं त्यांना सांगितलं होतं आणि शंकरनी ते मनावर घेतलं. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ते साप्ताहिक बंद पडलं. पण तोवर त्यांच्या आयुष्याचा दुसरा प्रवाह पुष्कळ पुढे गेला होता. १९४९ मध्ये त्यांनी मुलांसाठी चित्रांची आणि लेखनाची स्पर्धा सुरू केली, पुढच्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय झाली, आणि १९५७ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन झाला. १९८९ मध्ये ते गेले तोवर मुलांसाठीचं हे काम चालू होतं.

मोठ्या माणसांची मोठी चूक सरळ रेषेत पकडणं हा ज्याचा आयुष्यभराचा धंदा, त्यानं मुलांची पुस्तकं काढायला घेतली. मला त्या पुस्तकांत ते जागोजागी दिसतं. शंकरनी स्वतः लिहिलेलं ‘लाइफ विथ ग्रँडफादर’ हे पुस्तक घ्या. नातवाच्या खोड्या आणि आजोबांचं प्रेम या दोन्हींना त्यात सारखीच जागा आहे. ‘महागिरी’त तर अख्खं गाव चुकतं आणि एक जनावर बरोबर ठरतं. आज्ञा मोडणाऱ्यानं आज्ञा का मोडली हे आधी बघावं, हे सांगायला त्या पुस्तकाला एकही शिकवणीचं वाक्य लागत नाही. ज्या काळात मुलांच्या गोष्टी म्हणजे ‘मोठ्यांचं ऐका’ असंच सगळीकडे चाललं होतं, त्या काळात सरकारी कचेऱ्यांनी भरलेल्या या शहरातून हे पुस्तक निघालं, याचा मला अभिमान वाटतो.

दिल्लीत हत्ती फार. मुलांच्या दिल्लीत तर पावलोपावली. दुसऱ्या महायुद्धात तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपासमारीनं मारण्यात आले. युद्धानंतर जपानी मुलांनी नेहरूंना हत्ती मागणारी पत्रं लिहिली, आणि १९४९ मध्ये नेहरूंनी आपल्या मुलीचं नाव दिलेली हत्तीण, इंदिरा, तिकडे धाडली. शंकरनी ‘सुजाता अँड द वाइल्ड एलिफंट’ लिहिलं. मग महागिरी. मग नॅशनल बुक ट्रस्टची रूपा हत्तीण, तिच्याकडे पुढे येते. १९८२ च्या आशियाई खेळांचा अप्पू तर आमच्या पिढीच्या दप्तरांवर, कंपासपेट्यांवर सगळीकडे होता. दोन वर्षांनी प्रगती मैदानात त्याच्याच नावाचं अप्पू घर उघडलं आणि २००८ पर्यंत चाललं.

आणि खरे हत्तीही होते. यमुनेच्या काठी आयटीओच्या पुलाजवळ माहुतांची वस्ती होती. लग्नाच्या वरातीला, शोभायात्रांना तिथले हत्ती भाड्यानं जात. पुलावरून बसनं जाताना खाली रेतीत साखळीला बांधलेले, उसाचा चारा खाणारे हत्ती दिसायचे. नेहरू हाउसपासून हे सगळं हाकेच्या अंतरावर. माझ्या मनात महागिरी आणि ते यमुनेकाठचे हत्ती एकच होते. २०१९ पर्यंत वनखात्यानं शहरातले खासगी हत्ती एकेक करून बाहेर हलवले. ते योग्यच झालं. डांबरी रस्त्यावर, उन्हात, गाड्यांच्या भोंग्यांत हत्तीनं चालावं असं कोणालाच वाटणार नाही. पण त्याचा एक परिणाम असा, की नोएडात वाढणाऱ्या माझ्या लेकीला हत्ती प्रथम पुस्तकात भेटला. तिच्यासाठी अंकुश ही रोज दिसणारी वस्तू नाही. तो काय असतो, त्यानं किती दुखतं, तो हत्तीला मुळात का लावतात, हे तिनं विचारलं. मी लहान असताना यातलं काही विचारलं नव्हतं. अंकुश असतोच, असं मी धरून चालले होते. पुस्तक तेच, चित्र तेच, पण आज ते पान तिच्या पिढीला जास्त टोचतं. जुन्या पुस्तकांतली अशी पानं गाळावीत, सौम्य करावीत, असा सूर हल्ली ऐकू येतो. मला ते पटत नाही. ते रक्त चित्रात आहे म्हणूनच महागिरीचं न ऐकणं किती मोठं आहे ते मुलाला कळतं.

१९५७ हे साल दिल्लीतल्या मुलांच्या पुस्तकांसाठी दुहेरी मोलाचं. चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट निघाला त्याच वर्षी सरकारनं नॅशनल बुक ट्रस्टची स्थापना केली. पुष्कळदा लोक या दोन संस्थांची गल्लत करतात. पहिली शंकर यांच्या पुढाकारातून आलेली स्वतंत्र संस्था, दुसरी सरकारी. दुसरीचं काम मोठ्यांच्या पुस्तकांपासून सुरू झालं आणि पुढे ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही मुलांसाठीची मालिका आली. या मालिकेचा विचार असा, की तीच चित्रं घेऊन तीच गोष्ट देशातल्या अनेक भाषांत निघावी आणि ती स्वस्त असावी. नांदेडच्या मुलानं आणि गुवाहाटीच्या मुलानं एकच चित्र बघत वेगवेगळ्या भाषांत एकच गोष्ट वाचावी. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावी वाढलेल्या माझ्या मावसभावंडांकडे ही पुस्तकं मराठीत होती, आमच्याकडे दिल्लीत तीच हिंदीत. सुट्टीत भेटलो की चित्रांवरून ओळख पटायची.

हे कसं साधत होतं ते समजून घेण्यासारखं आहे. रंगीत ऑफसेट छपाईत चार पाट्या असतात: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. मजकूर काळ्या शाईत असतो. त्यामुळे चित्रांच्या रंगीत पाट्या त्याच ठेवून फक्त काळ्या मजकुराची पाटी बदलली, की दुसऱ्या भाषेतलं पुस्तक तयार. सोव्हिएत संघातून मराठीत येणारी ती सुंदर, दणकट, स्वस्त पुस्तकंही याच सूत्रावर चालत. खर्च वाचतो, पण अनुवादकाच्या गळ्याशी येतं. चित्रकारानं मजकुरासाठी जेवढी जागा कोरी सोडली आहे तेवढ्यातच मराठी वाक्य बसलं पाहिजे. मग विशेषण गळतं, एखादं उद्गारवाक्य गळतं, दोन वाक्यांचं एक होतं. म्हणून काही पुस्तकांची मराठी थोडी आवळलेली, श्वास न घेणारी वाटते. खर्च वाचवायचा आणखी एक मार्ग असा, की कागदाच्या एका बाजूला चारी रंग आणि दुसऱ्या बाजूला नुसता काळा, फार तर एखादा जास्तीचा रंग. त्यामुळे त्या काळच्या बऱ्याच पुस्तकांत दोन पानं रंगीत, मग दोन पानं बिनरंगी, असा पाळीपाळीचा क्रम दिसतो. मुलांना तो खटकत नाही, उलट बिनरंगी पानं त्यांना आपल्यासाठीच सोडली आहेत असं वाटतं. जुन्या बाजारात मिळालेल्या प्रतींमध्ये अशी पानं कुणीतरी क्रेयॉननं रंगवून टाकलेली सापडतात. मी ती खराब प्रत मानत नाही.

याच मालिकेतलं मिकी पटेल यांचं रूपा हत्तिणीचं पुस्तक ‘महागिरी’च्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. रूपाला आपल्या करड्या रंगाचा कंटाळा आला आहे. इतर प्राण्यांचे पट्टे, ठिपके, पिसं बघून तिला हेवा वाटतो. पटेल हे चित्रकार, व्यंगचित्रकार आणि या पुस्तकाचे लेखकही, त्यामुळे शब्द आणि चित्र एकाच हातून आलं आहे आणि ते जाणवतं. इंग्लंडमध्ये डेव्हिड मकी यांनी १९६८ मध्ये काढलेला एल्मर हा रंगीबेरंगी चौकड्यांचा हत्ती जगभर लाडका झाला. त्याला मात्र इतरांसारखं करडं व्हायचं असतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मुलांबरोबर वाचावीत. एक रंगाच्या मागे धावते, दुसरा रंगापासून पळतो, आणि मूल या दोघांशी वाद घालतं. रूपाचं मला भावतं ते तिचं दुःख. पाच वर्षांच्या मुलाला आपलं नाक, आपले केस, आपला रंग नकोसा वाटणं ही किरकोळ गोष्ट नाही, आणि आपल्याकडे गोरेपणाचं वेड असं, की मुलीला तो नकोसेपणा फार लवकर शिकवला जातो. लहानपणी मी रूपाला हसले. आता आई म्हणून ते पुस्तक वाचताना मला हसू येत नाही. लेक मात्र हसते, आणि मी तिला हसू देते.

नॅशनल बुक ट्रस्टचं म्हटलं की मराठी घरांत पहिलं नाव ‘तोत्तोचान’चं निघतं. तेत्सुको कुरोयानागी यांच्या पुस्तकाचा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद ट्रस्टनंच काढला. ते चित्रपुस्तक नव्हे, पण चिहिरो इवासाकी यांच्या जलरंगांवाचून त्याची कल्पनाच करता येत नाही. मूळ पुस्तक १९८१ चं आणि इवासाकी १९७४ मध्येच गेलेल्या. म्हणजे ती चित्रं त्या मजकुरासाठी काढलेली नव्हती, त्यांच्या आधीच्या कामातून ती निवडली गेली. तरी ती इतकी बेमालूम बसतात, की चित्र कुठे नेऊन ठेवायचं ही निवडसुद्धा एक कला आहे हे त्यावरून शिकावं.

पुलक बिस्वास यांच्याबद्दल थोडं अधिक लिहिणं भाग आहे. कारण ‘महागिरी’वर प्रेम करणाऱ्या पुष्कळांना त्यांचं नाव ठाऊक नसतं. १९४१ मध्ये जन्मलेले बिस्वास दिल्लीत राहून पन्नासएक वर्षं मुलांसाठी चित्रं काढत राहिले आणि २०१३ मध्ये गेले. १९९७ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सनं अनुष्का रविशंकर यांचं ‘टायगर ऑन अ ट्री’ त्यांच्या चित्रांसह काढलं, नुसत्या काळ्या आणि केशरी रंगात. त्यानंतरच्या ‘हेन-स्पॅरो टर्न्स पर्पल’ या गीता वुल्फ यांच्या पुस्तकासाठी त्यांना १९९९ च्या ब्रातिस्लाव्हाच्या द्वैवार्षिक चित्रप्रदर्शनात पारितोषिक मिळालं. हे प्रदर्शन म्हणजे मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठीचं जगातलं एक अत्यंत मानाचं ठिकाण. ‘टायगर ऑन अ ट्री’मध्ये घाबरून झाडावर चढलेला वाघ आहे आणि खाली त्याचं आता करायचं काय याची चर्चा करणारी माणसं. ‘महागिरी’नंतर कितीतरी वर्षांनी बिस्वास पुन्हा तेच दृश्य काढत होते: मध्ये एक जनावर, भोवती माणसांचा घोळका, आणि घोळक्याला काय करावं ते कळत नाही. या वेळी माणसं आपणहून वाघाला सोडून देतात. एका चित्रकाराच्या आयुष्यात दोन पुस्तकांच्या मधे घडलेला हा बदल मला विलक्षण वाटतो. समीक्षकांनी त्याच्याकडे बघावं अशी माझी फार इच्छा आहे. पण आपल्याकडे मुलांच्या पुस्तकातलं चित्र ही कला मानून तिच्यावर लिहिण्याची सवय नाही. मराठीत तर दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर लेख सापडतात, मुलांसाठी चित्रं काढणाऱ्यांवर अगदी थोडं.

यालाही अपवाद घडला आहे, आणि तो दिल्ली आणि पुणे यांना जोडणारा आहे. २०१६ मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमानं ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षी लेखनासाठी मराठी भाषा आणि माधुरी पुरंदरे यांची निवड झाली, तर चित्रांसाठी अतनु रॉय यांची. रॉय दिल्लीच्या मासिकांतून, पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या दिसलेले. पुरंदरे स्वतःच लिहिणाऱ्या आणि स्वतःच चित्रं काढणाऱ्या. ‘राधाचं घर’ किंवा यशच्या गोष्टी वाचणाऱ्या आईबापांना हे नव्यानं सांगायला नको, की त्यांच्या चित्रांतली घरं खरी असतात. मोरीतल्या बालदीपासून आजीच्या चष्म्याच्या घरापर्यंत. मी लहान होते तेव्हा अशी मराठी चित्रपुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज माझ्या लेकीच्या फळीवर ती भरपूर आहेत, हा मोठा फरक आहे आणि तो मला आनंद देतो.

आमच्या घरी मात्र मराठी पुस्तकांतून आली नाही, आवाजातून आली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही दक्षिण दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांत. पहाडगंजची नूतन मराठी शाळा आणि तिथला गणेशोत्सव सोडला तर भोवतालची अक्षरं सगळी हिंदी नाहीतर इंग्रजी. आई समोर हिंदी किंवा इंग्रजी पुस्तक धरायची आणि मराठीत वाचायची. पानावरची वाक्यं तिच्या तोंडून आमच्या बोलीत यायची, जागेच्या मापात आवळलेली नसलेली, ऐसपैस. माहूत तिच्या वाचनात “अरे बाबा, ऐक रे जरा” असं काकुळतीला यायचा. हे पुस्तकात कुठेही नव्हतं, हे मला वाचता येऊ लागल्यावर कळलं. दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबादच्या कितीतरी मराठी घरांत असंच चालतं, इंदूर आणि बडोद्यातही चालत असणार, न्यू जर्सीतही. या वाचनाची कुठे नोंद होत नाही. चित्र मात्र जागचं हलत नाही, म्हणून ते शक्य होतं. मूल चित्राला धरून असतं आणि आई आपली भाषा त्याच्याभोवती वळवून आणते.

आता माझी लेक वाचायला शिकते आहे. तिचं बोट ओळींखालून सरकतं, आणि त्याबरोबर तिची नजर चित्रावरून उठून अक्षरांवर बसू लागली आहे. हे व्हायलाच हवं. पण त्यात काही हातून सुटतंही, म्हणून हल्ली आम्ही एखादं पुस्तक मुद्दाम एकदा न वाचता नुसतं बघतो. माहुताबद्दल आमचं एकमत झालेलं नाही. महागिरीनं त्याला पुन्हा पाठीवर बसू देऊ नये, असं तिचं ठाम मत आहे. मी माहुताची बाजू मांडते. तो पुन्हा खड्डा बघितल्याशिवाय अंकुश उचलणार नाही, असं मी म्हणते. तिला ते पुरेसं वाटत नाही.

पुढच्या लेखांविषयी दोन शब्द. पहिला भाग नेहरू हाउस आणि शंकर यांच्याविषयी, दुसरा नेहरू बाल पुस्तकालयाविषयी, तिसऱ्यात एकेका चित्रकाराचं काम घेतलं आहे. लेख कुठल्याही क्रमानं वाचता येतील, मात्र लेख वाचण्याआधी मूळ पुस्तक हाती घ्यावं. ‘महागिरी’ आजही मिळतं. नेहरू हाउसला जायचं तर आयटीओ मेट्रो स्थानक जवळ आहे. नॅशनल बुक ट्रस्ट पूर्वी ग्रीन पार्कात होता, आता वसंत कुंजच्या नेहरू भवनात आहे. जुन्या, छपाईबाहेर गेलेल्या प्रतींसाठी रविवारचा दरियागंजचा पुस्तकबाजार अजून भरतो. २०१९ पासून तो पदपथावरून महिला हाटच्या आवारात गेला आहे. तिथे सकाळी लवकर गेलात तर मुलांच्या पुस्तकांचे ढीग आधी बघा, ते सगळ्यात आधी उपसले जातात.

पुस्तक हाती आलं की आतल्या पानावर, किमतीच्या आणि मुद्रकाच्या नावाच्या आसपास, बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव शोधा. मुखपृष्ठावर लेखकाचंच असतं. काही जुन्या पुस्तकांत चित्रकाराचं नाव कुठेच नाही. अशा पुस्तकांवरच्या लेखांत मी शीर्षकाखाली ती एक ओळ कोरी ठेवली आहे. कुणाला चित्रांच्या शैलीवरून, घरातल्या आठवणीवरून किंवा जुन्या कागदपत्रांवरून ते नाव ठाऊक असेल, तर अवश्य कळवावं. पुढच्या आवृत्तीत ते छापलं जाईल.